वर्षाचे धोरण फाटकाबाहेरच्या मुलांसाठीही लिहा

मा. अध्यक्ष आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य,
इंडियन गोल्फ युनियन, नवी दिल्ली



येत्या वर्षाची धोरणे ठरवायला आपण बसाल तेव्हा समोरच्या कागदांत हे पत्रही असावे, म्हणून लिहितो आहे. मी पुण्यात राहतो आणि हौशी व कनिष्ठ गटांच्या गोल्फ स्पर्धांत स्वयंसेवक म्हणून पंचाचे काम करतो. संघटना चालवणे किती जिकिरीचे असते हे मी जवळून पाहिले आहे. मैदान देणाऱ्या क्लबची मर्जी सांभाळायची, प्रायोजक शोधायचा, पावसाने वेळापत्रक कोलमडले की सगळ्यांचे बोल ऐकायचे, आणि यातले बरेचसे काम पदरमोड करून. त्याबद्दल मनापासून आदर आहे. तरीही एक मागणी आहे आणि ती साऱ्या धोरणाला लागू पडते. प्रत्येक कलम लिहून झाले की ते एकदा अशा मुलाच्या किंवा मुलीच्या बाजूने वाचून पाहा, ज्याच्या किंवा जिच्या घरात कोणीही कुठल्याही गोल्फ क्लबचे सभासद नाही.

आपल्याकडे हौशी गोल्फ आणि क्लबचे सभासदत्व यांची सांगड इतकी जुनी आहे की ती सोडवून पाहायची सवयच उरलेली नाही. रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९चा, ब्रिटनबाहेरचा सर्वांत जुना. मुंबईत १८४२ साली क्लब निघाला. भारताची हौशी अजिंक्यपद स्पर्धा १८९२ पासून खेळली जाते आणि आपली युनियन स्थापन झाली १९५५ साली. म्हणजे साठ वर्षांहून अधिक काळ हा खेळ क्लबांच्याच हातात होता आणि संघटना उभी राहिली तीही क्लबांना एकत्र करूनच. तेव्हा दुसरा मार्ग नव्हता. पण या व्यवस्थेतून कोण पुढे आले आणि कोणाला वळसा घालावा लागला, तेही पाहायला हवे. १९६५ साली पी. जी. सेठी यांनी हौशी खेळाडू असताना इंडियन ओपन जिंकली, तो आपल्या हौशी गोल्फचा मानाचा क्षण. त्यानंतर भारतीय विजेता दिसायला १९९१ उजाडले. ते अली शेर, दिल्लीच्या मैदानावर कॅडीचे काम करून वर आलेले. २००९चे विजेते सी. मुनियप्पा हेही मूळचे कॅडी. २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षे इंडियन ओपन जिंकणारे एस. एस. पी. चौरसिया यांचे वडील रॉयल कलकत्ताच्या मैदानावर हिरवळ राखायचे काम करत.

अली शेर, मुनियप्पा आणि चौरसिया मैदानात आले ते कामाच्या वाटेने. हौशी गोल्फने त्यांना घडवले असे म्हणता येत नाही. माझ्या मते देशाच्या हौशी संघटनेने या गोष्टीची खंत बाळगायला हवी. ज्याचे पोट या मैदानावर अवलंबून आहे त्याला व्यावसायिक होण्याची घाई असते हे खरे, पण त्याआधीची पाच-सहा वर्षे तो हौशी खेळाडू म्हणून खेळू शकतो का, हे आपल्या कागदांवर ठरते. कॅडीचे काम पैसे घेऊन केले म्हणून हौशी दर्जा जात नाही. नियमात तशी अडचण नाही. अडचण आहे ती प्रवेश अर्जात, हँडिकॅपमध्ये (खेळाडूच्या कौशल्याच्या अधिकृत आकड्यात), सराव फेरीच्या फीमध्ये आणि तारखांमध्ये.

तारखांपासूनच सुरुवात करतो, कारण वर्षाच्या धोरणातला तो सगळ्यांत रुक्ष भाग वाटतो आणि सगळ्यांत जास्त मुले तिथेच गळतात. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण १२० दिवसांऐवजी ६० दिवस आधी सुरू होते. पुण्याहून दिल्लीला जायचे तर झेलम एक्सप्रेस, कोलकात्याला जायचे तर आझाद हिंद. स्लीपरची किंवा थ्री-टियरची तिकिटे सुट्टीच्या दिवसांत भराभर संपतात. स्पर्धेची प्रवेश यादी जर दोन-तीन आठवडे आधी लागणार असेल, तर ज्याचे नाव यादीच्या तळाशी किंवा प्रतीक्षेत आहे तो आरक्षण करू शकत नाही. केले आणि नाव लागले नाही तर तिकीट रद्द करण्याचा भुर्दंड, नाही केले आणि नाव लागले तर गाडीत जागा नाही. अशा वेळी ज्याला दोन दिवस आधी विमानाचे तिकीट परवडते तोच जातो. प्रतीक्षा यादीवरची जागा गुणवत्तेने मिळते असे आपण मानतो. प्रत्यक्षात ती विमानाच्या भाड्याने मिळते.

यावर उपाय खर्चाचा नाही, शिस्तीचा आहे. संपूर्ण वर्षाचे वेळापत्रक आदल्या डिसेंबरात जाहीर करावे आणि त्यात फक्त स्पर्धेच्या तारखा न देता प्रवेश बंद होण्याची, यादी लागण्याची आणि नाव मागे घेण्याची तारीखही द्यावी. कनिष्ठ स्पर्धांची पहिली यादी साठ दिवस आधी लागलीच पाहिजे. नंतर ज्या जागा रिकाम्या होतील त्या यजमान शहराच्या आसपासच्या मुलांना द्याव्यात, म्हणजे एसटीने किंवा लोकलने येणारा मुलगा ऐनवेळीही येऊ शकेल. तारखा ठरवताना समोर आणखी एक कागद ठेवावा, तो म्हणजे राज्य मंडळांच्या परीक्षांचा. महाराष्ट्रात बारावी आणि दहावीच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असतात. त्याच पंधरवड्यात गुणतालिकेवर भारी पडणारी स्पर्धा ठेवली की सतरा वर्षांच्या खेळाडूसमोर आपण नको ती निवड ठेवतो. आंतरराष्ट्रीय शाळेतल्या मुलाचे वेळापत्रक वेगळे असते, त्याला ही अडचण येत नाही.

आता यजमान क्लबशी करायच्या कराराविषयी. वार्षिक धोरणाच्या कागदांत हा करार बहुधा शेवटी कुठेतरी असतो, मला तो पहिल्या पानावर हवा आहे. युनियनकडे स्वतःच्या मालकीची मैदाने नाहीत, ती क्लबांकडून मिळतात, त्यामुळे मुलांना तीन-चार दिवस कशी वागणूक मिळणार हे क्लब ठरवतो. सराव फेरीची ग्रीन फी एका क्लबात माफक, दुसऱ्यात पाहुण्याला लावतात तेवढी. कॅडी घेणे कुठे सक्तीचे, कुठे ऐच्छिक, आणि दर मात्र पहिल्या टीवर पोचल्यावर कळतो. आणि डबा! आईने पहाटे उठून करून दिलेली पोळी-भाजी क्लबहाउसमध्ये उघडता येत नाही, म्हणून पार्किंगमध्ये गाडीच्या सावलीत, किंवा गाडीही नसेल तर भिंतीच्या कडेला उभे राहून खाणारी मुले मी पाहिली आहेत. चार तास उन्हात चालून आलेली मुले. त्यांना कोणी हाकलले नव्हते, फक्त बसायला जागा ठेवलेली नव्हती, कारण हा प्रश्न कोणाला सुचलाच नव्हता. करारात एक ओळ असू द्या: खेळाडूंना स्वतःचे जेवण खाण्यासाठी सावलीची, पाण्याची आणि पंख्याची जागा यजमान क्लबने द्यावी. सराव फेरीचा दर, कॅडीचा दर आणि ट्रॉली वापरण्याची मुभा अर्जाबरोबरच छापली जावी. ज्या क्लबला हे मान्य नसेल त्याला त्या वर्षी स्पर्धा देऊ नये. यजमानपद हा मान आहे, आणि तो मान देणे न देणे आपल्याच हातात आहे.

आता नियमपत्रकाच्या भाषेविषयी. एक प्रसंग सविस्तर सांगतो. एका कनिष्ठ स्पर्धेत माझ्याकडे शेवटच्या सहा होलची जबाबदारी होती. फेअरवेच्या डाव्या कडेला नवी लावलेली झाडे होती, प्रत्येकाला आधाराची काठी बांधलेली. एका मुलाचा बॉल अशा झाडाच्या बुंध्यापासून हातभर अंतरावर थांबला. मुलगा बारा-तेरा वर्षांचा, वडील दुसऱ्या एका मैदानावर माळीकाम करणारे. त्याने बराच वेळ विचार केला, फांदी मोडू नये म्हणून अंग चोरून उभा राहिला आणि बॉल जसा होता तसाच खेळला. फटका चांगला बसला. पण त्या दिवशीच्या स्थानिक नियमानुसार काठी बांधलेली झाडे हा खेळण्यास मनाई असलेला भाग होता. झाड उभे राहण्याच्या किंवा फटक्याच्या आड येत असेल तर विनादंड सूट घेणे सक्तीचे होते. म्हणजे जी सवलत त्याला फुकट मिळत होती ती त्याने घेतली नाही, आणि त्याबद्दल त्याला दोन फटक्यांचा दंड झाला. नियमपत्रक त्याच्या खिशात होते, चार घड्या घातलेले. बारीक टाइपात, दोन्ही बाजूंनी छापलेले, सगळे इंग्रजीत. स्कोअरिंगच्या तंबूत त्याने कार्डावरचा आकडा स्वतःच्या हाताने बदलला, मार्करला दाखवला, मोठ्याने सगळे अठरा आकडे वाचले आणि सही केली. एका शब्दानेही हुज्जत घातली नाही. मग मला मराठीत विचारले, ‘सर, कागदावर हे कुठे लिहिलंय, दाखवता?’ मी दाखवले. त्याने त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली.

त्या मुलाला मराठीत किंवा हिंदीत तेच पत्रक मिळाले असते तर ते दोन फटके वाचले असते. गोल्फचा सगळा डोलारा खेळाडूच्या प्रामाणिकपणावर उभा आहे, तो स्वतःच स्वतःला दंड लावतो, हे आपण अभिमानाने सांगतो. मग ज्याच्यावर एवढा विश्वास टाकायचा त्याला नियम त्याच्या भाषेत कळवणे ही संघटनेची जबाबदारी नाही का? हा दानधर्म नाही. २०१९ साली नियमांची मोठी फेररचना झाली, बॉल शोधायचा वेळ पाचाऐवजी तीन मिनिटे झाला, ड्रॉप गुडघ्याच्या उंचीवरून घ्यायचा ठरला, पटिंग करताना झेंडा होलमध्ये ठेवायची मुभा मिळाली. २०२३ साली अपंग खेळाडूंसाठीच्या तरतुदी मूळ नियमांतच समाविष्ट झाल्या. हे बदल इंग्रजी माध्यमातल्या मुलांपर्यंत मोबाइलवरून दुसऱ्या दिवशी पोचतात. कॅडीच्या मुलापर्यंत ते ऐकीव माहितीने, निम्मे बरोबर आणि निम्मे चुकीचे पोचतात. शंका असेल तर स्ट्रोक प्ले स्पर्धेत दोन बॉल खेळून होल पूर्ण करता येतो, कोणता मोजायचा ते आधी सांगायचे आणि कार्ड देण्यापूर्वी समितीला सगळे कळवायचे, एवढे साधे संरक्षण नियमात आहे. ते माहीत नसल्याने मुले घाबरून चुकीचा निर्णय घेतात. स्थानिक नियमपत्रक यजमान राज्याच्या भाषेत आणि हिंदीत, मोठ्या टाइपात, आदल्या संध्याकाळी दिले जावे. यासाठी फक्त कागद आणि थोडी मेहनत लागते.

हँडिकॅपचा प्रश्न याहून मोठा आहे. जानेवारी २०२० पासून जगभर एकच हँडिकॅप पद्धत लागू होऊ लागली. शेवटच्या वीस फेऱ्यांतल्या सर्वोत्तम आठ फेऱ्या धरून आकडा काढायचा, वरची मर्यादा ५४, आणि सुरुवात करायला एकूण ५४ होलची कार्डे पुरतात, तीही नऊ-नऊ होलची चालतात. नवख्या खेळाडूचे इतके मोकळे स्वागत यापूर्वीच्या पद्धतींत क्वचितच होते. पण हँडिकॅप मिळवण्यासाठी क्लबचे सभासदत्व लागत असेल, तर हे स्वागत फाटकापाशीच संपते. इंग्लंडने २०२१ साली यावर मार्ग काढला. तिथल्या राष्ट्रीय संघटनेने ‘आयगोल्फ’ नावाची योजना आणली, तिच्यात क्लबचा सभासद नसलेला खेळाडू वर्गणी भरून संघटनेकडूनच थेट हँडिकॅप घेतो. अमेरिकेत स्वतःचे मैदान नसलेले क्लबही मान्यता मिळवू शकतात. मुख्य अट नियमितपणे एकत्र खेळण्याची.

आपल्याकडेही हे करता येईल. नवी मुंबईत सिडकोने उभारलेले खारघर व्हॅलीचे मैदान सार्वजनिक संस्थेचे आहे. लष्करी छावण्यांत मैदाने आहेत. गोल्फपटू अनिर्बान लाहिरी यांचा जन्म पुण्याचा, वडील लष्करात डॉक्टर आणि खेळाची ओळख झाली ती लष्करी मैदानांवरच. सराव रेंज आता बऱ्याच शहरांत आहेत. यांच्याभोवती ‘विना-मैदान’ मंडळे नोंदवू द्या आणि त्यांतल्या मुलांना युनियनचा हँडिकॅप क्रमांक द्या. यावर आक्षेप येणार हे मला माहीत आहे, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. कार्डांची खातरजमा कोण करणार? क्लबमध्ये चार माणसे एकमेकांना ओळखतात, खोटे कार्ड फार दिवस खपत नाही. बाहेर ही नजर नसते. म्हणूनच सुरुवातीच्या वर्षी अशा खेळाडूंची कार्डे फक्त नेमलेल्या दिवशी, युनियनने नोंदवलेल्या मार्करबरोबर खेळलेल्या फेऱ्यांचीच घ्यावीत. शिवाय पद्धतीतच काही कुलपे आहेत. एखादी फेरी हँडिकॅपपेक्षा सात किंवा अधिक फटक्यांनी सरस आली की आकडा आपोआप खाली येतो, आणि वर चढणाऱ्या आकड्यालाही लगाम आहे. खोटेपणाची भीती खरी आहे, पण तिच्यापायी शेकडो खऱ्या मुलांना बाहेर ठेवणे योग्य नाही. आणि हँडिकॅप फुगवणारे सभासद क्लबांतही असतातच, हे प्रत्येक हँडिकॅप समितीला ठाऊक आहे.

पैशाबद्दल एक गोष्ट अजून पालकांपर्यंत पोचलेली नाही. हौशी दर्जाचे नियम १ जानेवारी २०२२ पासून बदलले. पूर्वी हौशी खेळाडूने स्वतःच्या नावावर किंवा खेळावर प्रायोजक घेतला की दर्जा धोक्यात येई. आता तसे नाही. जाहिरात, खर्चाची मदत, साहित्य, हे सगळे घेता येते. बंधन उरले आहे ते मुख्यतः बक्षिसावर: मर्यादा ७०० पौंड किंवा १००० डॉलर, आणि हँडिकॅपवर खेळल्या जाणाऱ्या स्पर्धेत रोख रक्कम अजिबात नाही. स्क्रॅच, म्हणजे हँडिकॅपशिवाय खेळल्या जाणाऱ्या, स्पर्धेत त्या मर्यादेपर्यंत रोख बक्षीसही घेता येते. गावातला एखादा कारखानदार, साखर कारखाना किंवा सहकारी बँक एका होतकरू मुलीचा वर्षाचा प्रवासखर्च उघडपणे उचलू शकते. पण पालक आजही विचारतात, ‘पैसे घेतले तर मुलीला बाद करतील ना?’ युनियनने एक पानाचा नमुना करार तयार करावा, अठरा वर्षांखालील खेळाडूसाठी पालकांची सही सक्तीची करावी, दारू, तंबाखू आणि सट्टेबाजीच्या जाहिराती मुलांच्या अंगावर नकोत असे स्पष्ट लिहावे, आणि बाकी वाट मोकळी करावी. कनिष्ठ गटाच्या स्क्रॅच स्पर्धांत काचेच्या मोठमोठ्या ट्रॉफ्यांऐवजी पुढच्या स्पर्धेचा प्रवासखर्च दिला तर मला फार आनंद होईल. ट्रॉफी कपाटात राहते, तिकिटावर मूल पुढच्या मैदानापर्यंत पोचते.

याच नियमांत शिकवण्याबद्दलही एक दार उघडे आहे. हौशी खेळाडूने पैसे घेऊन गोल्फ शिकवले तर दर्जा जातो, पण राष्ट्रीय संघटनेने आधी मान्यता दिलेल्या उपक्रमात शिकवले तर जात नाही. महाविद्यालयात शिकणारे, चांगले खेळणारे कितीतरी तरुण सुट्टीत महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळांत प्लॅस्टिकचे क्लब आणि हलके बॉल घेऊन शिकवू शकतील आणि त्यांना मानधनही देता येईल. त्यासाठी युनियनने वर्षाच्या सुरुवातीला असे उपक्रम ठरवून मान्य करावे लागतील. आज हे दार कोणी ढकलून पाहत नाही.

पालकांच्या वावराविषयी धोरण लिहिताना जरा हात राखून लिहावे, अशी विनंती. अतिउत्साही पालकांमुळे पंचांना त्रास होतो, मीही तो सोसला आहे, आणि त्यांना फेअरवेपासून लांब ठेवण्याचा नियम बरोबरच आहे. पण पालकाने कॅडी होण्यावर सरसकट बंदी घालताना अदिती अशोक यांची आठवण ठेवा. रिओ ऑलिंपिकला २०१६ साली त्यांच्या बॅगवर वडील होते, टोकियोत आई. टोकियोत त्या चौथ्या आल्या, कांस्यपदक एका फटक्याने हुकले. बंगळुरूच्या कर्नाटक गोल्फ असोसिएशनच्या मैदानावर पाच वर्षांची असताना ती मुलगी खेळायला लागली, आणि पुढे वर्षानुवर्षे आईवडील सोबत चालले. ज्या घराला पगारी कॅडी परवडत नाही तिथे आई-बाप हाच कॅडी असतो. वागणुकीची संहिता कडक करा, खेळाच्या नियमांनी समितीला तो अधिकार दिलेलाच आहे. पहिल्या चुकीला ताकीद, दुसरीला एक फटका, पुढे बाद. पालकाला वागणुकीवरून बाहेर काढा, नात्यावरून नको.

मुलींच्या स्पर्धांचे काम महिलांची स्वतंत्र संघटना पाहते, त्यामुळे तपशिलात जात नाही. मात्र दोन्ही संघटनांनी वेळापत्रक एकत्र बसून करावे. भाऊ आणि बहीण दोघेही खेळतात अशा घरात एकाच आठवड्यात दोन टोकांच्या शहरांत दोन स्पर्धा असल्या की घरी थांबते ती बहुतेक वेळा मुलगी.

वेळापत्रकाशी जोडलेला आणखी एक विषय म्हणजे ऊन आणि विजा. शाळांना सुट्टी लागते ती ऐन उन्हाळ्यात, आणि तेव्हाच स्पर्धांची गर्दी होते. नागपुरात तेव्हा पारा पंचेचाळिसाकडे गेलेला असतो. लहान वयोगटांना या काळात नऊ होलच्या, उजाडताच सुरू होणाऱ्या फेऱ्या द्याव्यात. हँडिकॅप पद्धत नऊ होलची कार्डे घेतेच, तेव्हा अठराचा हट्ट कशासाठी? दर तिसऱ्या होलवर पाणी आणि ट्रॉली वापरायची मुभा ही सवलत न मानता अट मानावी. मे आणि ऑक्टोबरमध्ये दुपारनंतर आभाळ भरून येते. भोंगा वाजेपर्यंत थांबायची गरज नाही, विजेचा धोका वाटला तर खेळाडू स्वतःच खेळ थांबवू शकतो, असा नियमच आहे. मुलांना हे माहीत नसते. बाद होण्याच्या भीतीने ती हातात लोखंडी क्लब घेऊन मोकळ्या मैदानात चालत राहतात. पहिल्या टीवर प्रत्येक गटाला हे तोंडी सांगणे स्टार्टरला बंधनकारक करा. 

राहिला निर्णय घेण्याच्या रीतीचा भाग. २०२५च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने क्रीडा महासंघांच्या कार्यकारिणीत खेळाडूंना आणि स्त्रियांना जागा देणे बंधनकारक केले आहे. कायदा सांगेल तेवढे तर करावेच लागेल, पण त्यापलीकडे दोन गोष्टी आपण स्वतःहून कराव्यात. एक, वार्षिक धोरणाचा मसुदा मंजुरीच्या महिनाभर आधी सगळ्यांसाठी खुला करावा आणि प्रत्येक बदलासोबत त्याचे कारण दोन ओळींत लिहावे. वयोगटाची सीमा बदलली, कटसाठीची संख्या कमी केली, गुणतालिकेतून एखादी स्पर्धा वगळली, तर का? कारण लिहिलेले नसले की कुजबूज सुरू होते, आणि कुजबुजीने सचोटीने काम करणाऱ्या सदस्यांचेही नाव खराब होते. दोन, ज्याचा मुलगा, मुलगी किंवा शिष्य निवडीच्या रांगेत आहे त्याने निवड समितीच्या त्या बैठकीतून बाहेर बसावे. हा अविश्वास नाही. स्पर्धेत खेळणारा स्वतःच्या कार्डाचा मार्कर होत नाही, तीच रीत इथे लावायची.

या सगळ्याला पैसा लागेल हे मान्य आहे, पण या पत्रातल्या बऱ्याचशा मागण्या तारखा, कागद आणि करार यांच्याच आहेत. ज्या कामांना खर्च आहे, म्हणजे स्वतंत्र हँडिकॅप आणि शाळांमधले उपक्रम, ती एका वर्षात देशभर करावीत असे मी म्हणत नाही. पश्चिम विभागात एक वर्ष करून पाहा. मुंबई आणि पुण्यात सार्वजनिक मैदान, लष्करी मैदाने, रेंज आणि शाळा एकमेकांपासून काही तासांच्याच अंतरावर आहेत. इतकी सोयीची जागा दुसरीकडे सहज मिळणार नाही.

मराठी नियमपत्रकाचे काम मी आणि माझ्याबरोबर काम करणारे दोन पंच मिळून करायला तयार आहोत. नेहमी लागणाऱ्या स्थानिक नियमांचा मसुदा आम्ही देऊ. तो आपल्या नियम समितीने ओळ न् ओळ तपासावा, दुरुस्त करावा आणि आपल्या शिक्क्यानिशी द्यावा, कारण पंचाने केलेला खासगी अनुवाद खेळाडूच्या हातात देता येत नाही. पश्चिम विभागाच्या पहिल्या कनिष्ठ स्पर्धेआधी तो मंजूर झाला, तर छपाईचा खर्चही आम्हीच करू. मसुदा कोणाकडे पाठवायचा तेवढे कळवावे.



आपला,
एक स्वयंसेवक पंच, पुणे